आयपॅडवरचा ब्रश दुकानातल्या फोटोशॉपमध्ये काऊन उघडत नाही? कस्टम ब्रश एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना काय जातं, काय मागं राहतं

पांढुर्णा / सौंसर : पोळा तोंडावर आला की आपल्याकडच्या फ्लेक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत लाइट दिसतो. सजवलेल्या बैलांची चित्रं, पोळ्याच्या शुभेच्छा, दुसऱ्या दिवशीच्या गोटमारचे बॅनर, आणि ते उरकत नाही तर गणपती. नागपूरकडे त्याच सुमारास तान्हा पोळा आणि मारबतीची धामधूम. हे सगळं काम आता कुंचल्यानं कमी आणि स्क्रीनवर जास्त होतं. काम करणारी पोरं घरी एका प्रोग्रामवर शिकतात, दुकानात दुसऱ्यावर बसतात आणि नागपूरला काम मिळालं तर तिसऱ्याच प्रोग्रामशी गाठ पडते. मग असं बोलणं हमखास होतं:

"दादा, तुम्ही ब्रश पाठवला ना, तो उघडूनच नाही राहिला."

"अरे, तो आयपॅडवरचा आहे. तू कशात उघडून राहिला?"

"दुकानातल्या फोटोशॉपमध्ये."

"मग कसा उघडेल बाबू तो तिथं?"

इथं बरेच जण हात टेकतात. कोणी नेटवरून भलतीच झिप फाइल उतरवतो, कोणी सगळे ब्रश नव्यानं बनवत बसतो, तर कोणी ब्रश नाही म्हणून हातचं कामच सोडून देतो. याची काहीच गरज नाही. ब्रश म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजलं की त्यातला कोणता भाग सोबत नेता येतो आणि कोणता नव्यानं लावावा लागतो, ते आपोआप कळतं.

आधी एक भीती काढून टाका

आपल्या भागात फाइल न उघडण्याचा जुना अनुभव आहे तो फॉन्टचा. मध्य प्रदेशातल्या दुकानांत कृतिदेव, महाराष्ट्रातल्या दुकानांत श्रीलिपी. पांढुर्ण्यात टाइप केलेला मजकूर नागपूरला उघडला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा. युनिकोड आल्यावर हा त्रास बराच कमी झाला, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक आहे आणि तो सगळ्या प्रोग्रामना मान्य आहे.

ब्रशच्या जगात असं युनिकोड अजून आलेलं नाही. प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी. फोटोशॉपची एबीआर, प्रोक्रिएटची ब्रश किंवा ब्रशसेट, क्रिटाची केपीपी आणि बंडल, गिंपची जीबीआर, क्लिप स्टुडिओची एसयूटी, अ‍ॅफिनिटीची एएफब्रशेस. म्हणून एकाचा ब्रश दुसऱ्यात सहसा थेट उघडत नाही.

पण फॉन्ट आणि ब्रश यांत एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवा. फॉन्ट नसला तर बनवून ठेवलेली फाइल बिघडते. ब्रश नसला तर झालेलं चित्र बिघडत नाही. एकदा रेघ मारली की ती नुसती रंगाचे ठिपके होऊन कॅनव्हासवर बसते. त्यामुळे बैलाचं चित्र घरी क्रिटात काढलं आणि पीएसडी किंवा पीएनजी करून दुकानात नेलं, तर ते जसंच्या तसं दिसेल. गिऱ्हाइकाला किंवा छपाईवाल्याला चित्रासोबत ब्रश पाठवायची गरज नाही. ब्रश लागतो तो पुढचं काम त्याच हातानं करायचं असेल तेव्हा.

एका ब्रशमध्ये तीन गोष्टी असतात

पहिली गोष्ट टोक. हा एक छोटा काळा-पांढरा शिक्का असतो. ब्रशची रेघ ही खरं तर रेघ नसतेच, तो शिक्का जवळ जवळ शेकडो वेळा मारलेला असतो. शिक्के खूप जवळ असले की आपल्याला सलग रेघ दिसते, दूर असले की ठिपक्यांची माळ.

दुसरी गोष्ट पोत. खरबरीत कागद, कापड, भिंत यांचा जो खडबडीतपणा रेघेत दिसतो तो वेगळ्या चित्रातून येतो. प्रोक्रिएटमध्ये टोकाला शेप आणि पोताला ग्रेन म्हणतात. फोटोशॉपमध्ये पोतासाठी टेक्स्चर हा वेगळा कप्पा आहे.

तिसरी गोष्ट वागणूक. पेन दाबला तर रेघ जाड व्हावी की गडद? दोन शिक्क्यांमधलं अंतर किती? टोक हाताबरोबर फिरावं की एकाच कोनात राहावं? ठिपके विखुरले जावेत का? खालचा ओला रंग ओढला जावा का? हे सगळे आकडे आणि सेटिंग म्हणजे ब्रशची वागणूक.

आता मुद्द्याची गोष्ट. टोक आणि पोत ही साधी चित्रं आहेत, ती कुठंही जातात. वागणूक मात्र त्या त्या प्रोग्रामच्या इंजिनाची भाषा बोलते. ती अर्धवट जाते, नाहीतर जातच नाही. म्हणजे संत्र्याचं कलम न्यायचं तर काडी नेता येते, पण त्याला पाणी किती आणि कधी द्यायचं हे नव्या वावरातली माती पाहूनच ठरतं. ब्रशचंही तसंच.

कोणता ब्रश कुठं उघडतो?

त्यातल्या त्यात सगळ्यांना समजणारी फाइल फोटोशॉपची एबीआर. फोटोशॉप जुनं आणि खूप पसरलेलं, त्यामुळे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये एबीआर वाचायची सोय करून घेतली.

प्रोक्रिएट : हा फक्त आयपॅडवर चालतो (आयफोनसाठी त्याचं पॉकेट नावाचं वेगळं रूप आहे). 2019 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तो एबीआर घेतो. ब्रश लायब्ररीत अधिकचं चिन्ह दाबून इम्पोर्ट करायचं. टोक, अंतर, विखुरणं अशी बरीच सेटिंग तो आपल्या भाषेत बदलून घेतो, पण रेघ अगदी तशीच येईल असं समजू नका.

क्रिटा : फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. सेटिंग्ज मेनूतल्या मॅनेज रिसोर्स लायब्ररीजमधून एबीआर फाइल आत घेता येते. पण लक्षात ठेवा, इथं येतात ती फक्त टोकं. ती ब्रशच्या यादीत तयार ब्रश म्हणून दिसत नाहीत. एफ 5 दाबून ब्रश एडिटर उघडायचा, ब्रश टिपमध्ये प्रीडिफाइन्ड निवडायचं, तिथं टोक सापडेल. वागणूक आपण लावायची आणि नवीन नावानं सेव्ह करायचं. "एबीआर टाकली पण ब्रश दिसून नाही राहिले" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

गिंप : हेही फुकट. एबीआर फाइल गिंपच्या ब्रशेसच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि ब्रशची यादी रिफ्रेश करायची. फोल्डर कुठं आहे ते प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्स या भागात लिहिलेलं असतं. इथंही येतं ते टोक.

फोटोपी : हे इन्स्टॉल करावंच लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडतं आणि दिसायला फोटोशॉपसारखं आहे. एबीआर फाइल नेहमीच्या फाइलसारखी उघडली की ब्रश यादीत येतात. ज्यांच्याकडे साधा लॅपटॉप आहे त्यांना एबीआरमध्ये काय आहे हे बघायला सोपा मार्ग.

क्लिप स्टुडिओ पेंट आणि अ‍ॅफिनिटी : दोघंही एबीआर आत घेतात. क्लिप स्टुडिओची स्वतःची एसयूटी फाइल मात्र इतर प्रोग्राम उघडत नाहीत.

आयबिसपेंट : अँड्रॉइड मोबाइलवर शिकणाऱ्या पोरांमध्ये हे बरंच चालतं. यात ब्रश क्यूआर कोडच्या चित्रातून एकमेकांना देता येतो. पण तो कोड आयबिसलाच समजतो, फोटोशॉपला त्याचा काही उपयोग नाही.

कोरलड्रॉ : फ्लेक्सच्या दुकानांतला हा रोजचा सोबती, पण त्याची गोष्टच वेगळी आहे. तो ठिपक्यांवर नाही, तर रेषांच्या गणितावर चालतो. त्याचे आर्टिस्टिक मीडियाचे ब्रश आणि वर सांगितलेले ब्रश यांची अदलाबदल होत नाही. चित्र रंगवायचं ते वरच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये, मग पीएनजी किंवा टिफ करून कोरलमध्ये घ्यायचं, हाच सरळ रस्ता.

आणखी एक. जुन्या ब्रशसंग्रहांत टीपीएल नावाच्या फाइली असतात. त्या फोटोशॉपच्या टूल प्रीसेटच्या, एबीआर नव्हेत. दुसऱ्या प्रोग्राममध्ये त्या चालतील या भरवशावर राहू नका. ज्याच्याकडे फोटोशॉप आहे त्याच्याकडून त्या आधी एबीआर करून घ्या.

उलटा प्रवास : प्रोक्रिएटमधून फोटोशॉपमध्ये

सुरुवातीच्या बोलण्यातला पोरगा इथंच अडकला होता. प्रोक्रिएट एबीआर घेतो, पण एबीआर बनवून देत नाही. आणि फोटोशॉप प्रोक्रिएटची ब्रश फाइल घेत नाही. मग करायचं काय?

प्रोक्रिएटची ब्रश फाइल ही आतून साधी झिप असते. कॉम्प्युटरवर तिची एक प्रत करा, शेवटचं ब्रश हे नाव खोडून झिप करा आणि उघडा. आत बहुतेक वेळा शेप आणि ग्रेन या नावांची पीएनजी चित्रं सापडतात. ती सापडली नाहीत तर घाबरू नका. ब्रश बनवणाऱ्यानं प्रोक्रिएटमधलाच तयार आकार वापरला असेल तर ते चित्र फाइलमध्ये नसू शकतं. अशा वेळी प्रोक्रिएटमध्ये मोठ्या कॅनव्हासवर त्या ब्रशचा एकच ठिपका मारायचा आणि तेच चित्र पीएनजी करून न्यायचं.

पुढं फोटोशॉपमध्ये शेपचं चित्र उघडायचं. आणि इथं सर्वांत जास्त फसगत होते. प्रोक्रिएटमध्ये टोकाच्या चित्रात पांढरा भाग रंग सोडतो. फोटोशॉप, क्रिटा आणि गिंपमध्ये उलटं, काळा भाग रंग सोडतो. म्हणून आधी कंट्रोल आय दाबून चित्र उलटं करायचं, मग एडिट मेनूतून डिफाइन ब्रश प्रीसेट. उलटं करायचं विसरलात तर नाजूक टोकाऐवजी चौकोनी डाग उमटतो, मधे टोकाच्या आकाराचं भोक. असा डाग दिसला की फाइल खराब आहे असं समजू नका, फक्त काळ्याचं पांढरं करायचं राहिलं.

वागणूक नव्यानं कशी लावायची?

टोक आलं, आता ब्रश चालवून बघा. बहुधा रेघ वेगळी वाटेल. खालच्या क्रमानं तपासत गेलं की फार वेळ जात नाही.

पहिलं, अंतर. फोटोशॉपमध्ये स्पेसिंग टोकाच्या रुंदीच्या टक्क्यांत असतं. क्रिटात तेच दशांशात. म्हणजे तिकडचे 10 टक्के म्हणजे इकडचे 0.1. क्रिटात 10 लिहिलंत तर टोकाच्या दहापट अंतरावर एकेक ठिपका पडेल. प्रोक्रिएटमध्ये सरकपट्टी आहे, तिथं डोळ्यानंच जुळवावं लागतं.

दुसरं, दाब. पेन टॅबलेट बदलला की तोच ब्रश कडक किंवा सैल वाटतो. पेन टॅबलेटचे ड्रायव्हर आणि बरेचसे प्रोग्राम दाबाची वक्ररेषा बदलू देतात. ब्रश बिघडवण्याआधी ती जुळवा. आणि मोबाइलवर बोटानं किंवा साध्या रबरी स्टायलसनं काम करत असाल तर पेनासारखा खरा दाब मिळतच नाही. दाबावर चालणारा ब्रश तिथं एकसारखी जाड रेघ काढणार, त्यात ब्रशचा दोष नाही.

तिसरं, ओपॅसिटी आणि फ्लो. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी म्हणजे एका रेघेत रंग जास्तीत जास्त किती गडद होणार याची हद्द. फ्लो म्हणजे प्रत्येक शिक्क्यात किती रंग पडणार. दुसऱ्या प्रोग्राममध्ये फ्लो पूर्ण ठेवला गेला तर जलरंगासारखा हळूहळू साचणारा ब्रश एकदम ऑइलपेंटसारखा झाकून टाकतो.

चौथं, ओला रंग ओढणारे ब्रश. फोटोशॉपचा मिक्सर ब्रश दुसरीकडं जात नाही. क्रिटात त्यासाठी कलर स्मज नावाचं वेगळं इंजिन आहे, प्रोक्रिएटमध्ये वेट मिक्स नावाचा कप्पा. इथं नेण्याचा प्रयत्न सोडा. त्या प्रोग्राममधला जवळचा ओला ब्रश घ्या आणि त्यात फक्त आपलं टोक बसवा.

वागणुकीसकट पुष्कळ ठिकाणी जाणारा एकच प्रकार आहे, तो मायपेंटचा. मायपेंट हा फुकटचा प्रोग्राम. त्याचं ब्रश इंजिन वेगळं काढून सगळ्यांना खुलं दिलेलं आहे. त्यामुळे गिंप 2.10 पासून आणि क्रिटा 5 पासून मायपेंटचे ब्रश आतच चालतात. इंजिन एक असल्यानं वागणूकही जवळपास तीच राहते. कंपन्यांनी ठरवलं तर ब्रशचंही युनिकोड होऊ शकतं, हे यावरून दिसतं.

मराठी अक्षरांसाठी कोनाची परीक्षा

आपल्या भागात ब्रशचा एक उपयोग खास आहे, तो अक्षरं लिहिण्याचा. सीमेवरच्या बॅनरवर हिंदीसाठी बनवलेले फॉन्ट चालतात. त्यांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आणि 'ळ' तर कित्येकदा 'ल' होऊन जातो. पोळ्याचा पोला होतो, जामसावळीची जामसावली. हातानं अक्षर काढणाऱ्याला ही अडचण नाही, तो आपल्या वळणाचा 'ल' आणि आपला 'ळ' काढतो. म्हणूनच बोरूसारखा चपटा ब्रश पुष्कळ जण जपून ठेवतात.

बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. हात कुठंही गेला तरी त्याचा कोन तोच राहतो, त्यामुळे अक्षरात जाड-बारीक वळण येतं. डिजिटल बोरूत हेच दोन आकड्यांनी होतं : टोकाचा चपटेपणा आणि कोन. पण कोन कुठून आणि कोणत्या दिशेनं मोजायचा, हे प्रत्येक प्रोग्राममध्ये सारखं असेलच असं नाही. नुसता आकडा उतरवून घेतला तर कोन आरशात पाहिल्यासारखा उलटू शकतो. मग जिथं रेघ जाड हवी तिथं बारीक येते. अक्षर चुकलेलं नसतं, तरी परकं दिसतं.

त्यासाठी एक सोपी परीक्षा. जुन्या प्रोग्राममध्ये त्या ब्रशनं चार रेघा मारा : एक उभी, एक आडवी, एक उजवीकडं उतरणारी तिरपी, एक डावीकडं उतरणारी तिरपी. त्याखाली मोठा 'ळ' काढा. याचं चित्र करून ठेवा. नव्या प्रोग्राममध्ये तेच चित्र बाजूला ठेवून पुन्हा चार रेघा मारा. चारही रेघांची जाडी जुळेपर्यंत कोन फिरवा. टोक हाताच्या दिशेनं फिरण्याचं सेटिंग सुरू असेल तर बंद करा, बोरू असा फिरत नसतो. चार रेघा जुळल्या की 'ळ' आपोआप जुळतो.

आपलं टोक आपणच बनवा

नेटवर ब्रश पुष्कळ मिळतात, पण स्वतःच्या टोकाची बरोबरी नाही. आणि साहित्य आपल्या अंगणातच आहे. संत्र्याच्या सालीवर शाई लावून कागदावर उमटवा, बारीक छिद्रांचा सुंदर पोत मिळतो. पळसाचं वाळलेलं पान, कापसाच्या पऱ्हाटीचं ठेचलेलं टोक, शेणानं सारवलेली भिंत, बैलाच्या झुलीचं जाडंभरडं कापड, यांतलं काहीही चालेल. ठसा पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं उमटवा. उन्हात सावली न पडू देता फोटो काढा. रंग काढून तो काळा-पांढरा करा, आणि पार्श्वभूमी पूर्ण पांढरी होईपर्यंत लेव्हल्स ओढा. राखाडी राहिलेली पार्श्वभूमी प्रत्येक शिक्क्याबरोबर उमटते आणि रेघेभोवती मळकट चौकोन दिसतो.

टोकाचा आकार आधीच मोठा ठेवा. 10 बाय 4 फुटांचा बॅनर 72 डीपीआयवर केला तरी कॅनव्हास 8640 बाय 3456 पिक्सेल होतो. त्यावर 200 पिक्सेलचं टोक ताणलं तर कडा फुटतात, धुरकट दिसतात. टोक 1500 ते 2000 पिक्सेलचं असलं की लहान करता येतं, मोठं करायची वेळ येत नाही.

ब्रशसोबत चिठ्ठी ठेवा

आता सर्वांत कामाची सवय. प्रत्येक आवडत्या ब्रशचं एक फोल्डर करा आणि त्यात चार वस्तू ठेवा. टोकाची पीएनजी, काळं टोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर. पोताची पीएनजी, असेल तर. ब्रशनं काढलेल्या नमुन्याच्या रेघा. आणि एक साधी मजकूर फाइल, जिला आपण चिठ्ठी म्हणू. चिठ्ठीत असं लिहायचं :

नाव : बोरू जाड. टोक : चपटा, गोलाई 15 टक्के. अंतर : 3 टक्के. कोन : नमुना पाहून, टोक फिरत नाही. दाब : जाडीवर नाही, फक्त गडदपणावर थोडा. विखुरणं : नाही. पोत : सालीचा, हलका.

एवढं असलं की प्रोग्राम कोणताही असो, दहा-पंधरा मिनिटांत ब्रश पुन्हा उभा राहतो. एबीआर किंवा ब्रशसेट फाइलही सोबत ठेवाच, त्याच प्रोग्राममध्ये परतलात तर काम सोपं. पण नुसत्या त्या फाइलीच्या भरवशावर राहू नका. दुकानातला कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, सबस्क्रिप्शन संपलं, नोकरी बदलली, टॅब पडून फुटला, की बंद डब्यातला ब्रश बंदच राहतो. पीएनजी आणि चिठ्ठी मात्र कुठंही उघडते. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन.

पाठवताना एक काळजी घ्या. टोकाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. ते दाबलं जातं, कडा खराब होतात आणि पारदर्शकपणा निघून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा झिप करा.

फुकट दिसलं म्हणून उचलू नका

दोन गोष्टी पैशाच्या. पहिली : फुकट मिळालेला ब्रश गिऱ्हाइकाच्या कामाला चालतोच असं नाही. काही ब्रश फक्त सरावासाठी दिलेले असतात, काहींवर धंद्यासाठी वापरायला परवानगी लागते, आणि विकत घेतलेला ब्रशही पुढं वाटायची मुभा सहसा नसते. प्रोग्रामसोबत आलेले ब्रश दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायच्या आधीही अटी वाचा. स्वतः बनवलेल्या टोकाला ही कटकटच नाही.

दुसरी : "पाच हजार ब्रश, एका झिपमध्ये" अशा लिंकपासून दूर राहा. ब्रशच्या फाइली एबीआर, पीएनजी, ब्रशसेट अशा असतात. झिपमध्ये एक्सई फाइल निघाली, किंवा ब्रश इन्स्टॉल करायला अँटिव्हायरस बंद करा असं कोणी सांगितलं, तर ती झिप सरळ डिलीट करा. ऐन सणात दुकानाचा कॉम्प्युटर बसला तर नुकसान ब्रशच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

तर करायचं काय?

2023 च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण काम शोधायला आपली पोरं आधीही दोन्हीकडं जात होती आणि आताही जातात. छिंदवाड्याच्या दुकानात वेगळा प्रोग्राम, नागपूरच्या स्टुडिओत वेगळा, घरच्या मोबाइलवर वेगळा. नागपूरच्या चितारओळीतला कारागीर आपली हत्यारं पेटीत घालून कुठंही बसू शकतो. स्क्रीनवरच्या कारागिरालाही तशी पेटी हवी, आणि ती एखाद्या कंपनीच्या फाइलीत बंद नको.

पोळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी एक संध्याकाळ काढा. रोज लागणारे पाच-सहा ब्रश निवडा, पन्नास नको. त्यांची टोकं पीएनजी करा, नमुन्याच्या रेघा मारा, चिठ्ठ्या लिहा. मग क्रिटा किंवा फोटोपीमध्ये त्यातला एक ब्रश नव्यानं उभा करून बघा. तो एक जमला की बाकीचेही जमतात, आणि पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "आमच्याकडं हा प्रोग्राम नाही," तर काम हातचं जाणार नाही.